गंडीपेटचं पाणी आणि भिंगातलं ऊन

गेल्या मे महिन्यात हैदराबादेत कुकटपल्लीला माझ्या बहिणीच्या गच्चीवरची नायलॉनची दोरी भर दुपारी आपोआप तुटली आणि वाळत घातलेली ओली चादर खालच्या कुरडयांवर पडली. आपोआप म्हणजे काय, तर भाच्यानं जुन्या प्रोजेक्शन टीव्हीतून काढलेलं हातभर रुंद, चपटं भिंग लाकडी चौकटीत ठोकून उभं केलं होतं. त्यावर गोणपाट टाकायला विसरून तो खाली जेवायला गेला. सूर्य सरकला, तसा भिंगाचा ठिपका मुंगीच्या चालीनं सरकत दोरीपर्यंत पोचला. बहिणीचा मला फोन : "दादा, भिंगांचा नाद याला तूच लावलास. आता तूच ये आणि बघ."

नाद मी लावला हे खरं आहे. सुलतान बाजारात आमचं चष्म्याचं दुकान आहे. आजोबा उदगीरहून इथं आले तेव्हा उदगीर काय, लातूर काय, हैदराबाद काय, सगळं एकाच निजामी राज्यात होतं. दुकान वडिलांनी काढलं. भाचा लहानपणी शाळा सुटली की दुकानात यायचा आणि टाकाऊ काचा खिशात भरून न्यायचा. आता तो इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे.

मी गच्चीवर पोचलो तेव्हा त्यानं कुरडयांबद्दल चकार शब्द काढला नाही. मुठीतून एक गोळी काढून माझ्या तळहातावर ठेवली. ती जुन्या, पाकळ्यापाकळ्यांच्या कडेच्या दहा पैशांच्या नाण्याची होती. अॅल्युमिनियमचं नाणं, दिव्याच्या काजळीनं काळं केलेलं म्हणजे ऊन परतवणार नाही, आणि मग भिंगाखाली धरलेलं. वितळून त्याचा ओबडधोबड मणी झाला होता. अॅल्युमिनियम वितळतं ६६० अंशांना, म्हणजे पोरानं गच्चीवर तेवढं तापमान नक्की गाठलं होतं.

"मामा, एका भिंगानं नाणं वितळलं. अशी दहा हजार भिंगं एकाच ठिकाणी रोखली तर? लाखभर? मध्ये ड्युटेरियमची गोळी ठेवायची. फ्यूजन होईल ना?"

त्याचं प्रेझेंटेशनही तयार होतं. हैदराबादेत हल्ली कल्पनेच्या आधी प्रेझेंटेशन तयार असतं.

प्रश्न वेडगळ म्हणून झटकून टाकण्यासारखा नव्हता. सूर्य स्वतः फ्यूजनवरच, म्हणजे अणुसंमीलनावरच जळतो. हायड्रोजनचे केंद्रक एकमेकांत मिसळून हेलियम होतो आणि त्यातून सुटणारी ऊर्जा आपल्या अंगणात उन्हाच्या रूपानं पडते. मग त्याच उन्हानं तोच जाळ इथं का पेटू नये? एका पणतीनं दुसरी पेटवतात, तसं. मला वाटतं, हा प्रश्न पडत नाही त्याला भिंग हातात धरायचा अधिकार नाही. पण उत्तर 'नाही' असंच आहे, आणि ते मला पुस्तकांच्या आधी दुकानात कळलं होतं.

लेन्सोमीटर नव्हता तेव्हा वडील प्लस नंबरची काच दारात उन्हात धरायचे आणि समोरच्या भिंतीवर उन्हाचा ठिपका बारीक होईपर्यंत मागंपुढं करायचे. मग पट्टीनं अंतर मोजायचं. एक मीटर आलं तर नंबर एक, पंचवीस सेंटिमीटर आलं तर चार. मला तेव्हापासून एक गोष्ट खटकायची. ठिपका बारीक होत होत एका मापाला थांबतो. चार नंबरच्या काचेचा सव्वादोन मिलिमीटरच्या आत जात नाही, एक नंबरच्या काचेचा तर चांगला नऊ मिलिमीटरचा, शर्टाच्या बटणाएवढा. काच कितीही चांगली घासलेली असो.

कारण कळलं ते १६ फेब्रुवारी १९८० रोजी. त्या शनिवारी दुपारी ग्रहण होतं. उस्मानिया विद्यापीठाची जपाल-रंगापूरची वेधशाळा खग्रास पट्ट्यात आली होती, त्यामुळं शहरात आठवडाभर तीच चर्चा. तरी प्रत्यक्ष त्या वेळी सुलतान बाजारात चिटपाखरू नव्हतं. आईनं खिडक्या लावून घेतल्या, लोणच्याच्या बरणीवर दर्भ ठेवला. वडील मात्र मला घेऊन दुकानाच्या पायरीवर आले आणि त्यांनी दोन नंबरची काच भिंतीसमोर धरली. भिंतीवर ठिपका नव्हता, कोर होती. इवलीशी, स्वच्छ, उलटी कोर. वडील म्हणाले, "बघ. हा ठिपका कधीच नव्हता. हे सूर्याचं चित्र आहे."

(ग्रहणावरून आठवलं. ज्या हेलियमची गोष्ट चालली आहे त्याची पहिली चाहूल १८६८च्या खग्रास ग्रहणाच्या सुमारास लागली. विजयदुर्गावर 'साहेबाचे ओटे' दाखवून नॉर्मन लॉकियरनं इथूनच हेलियम शोधला असं सांगतात. प्रत्यक्षात लॉकियर त्या दिवशी इंग्लंडात होता. ग्रहण पाहणारा फ्रेंच जान्सेन होता आमच्या बाजूला, गुंटूरला. कोकणातल्या मित्रांना हे सांगितलं की ते चहा पाजत नाहीत.)

तर सूर्याचं चित्र. सूर्य आपल्याला साधारण अर्ध्या अंशाचा दिसतो, म्हणून त्याचं चित्र भिंगाच्या अंतराच्या एकशेसातव्या भागाएवढं पडणार. तिथं त्याहून जास्त ऊन गोळा करायचं तर जास्त नंबरचं भिंग जवळून धरावं लागतं, नाहीतर अनेक भिंगांनी एकावर एक चित्रं टाकावी लागतात. भाचा तेच म्हणत होता. मी त्याला म्हटलं, त्या ठिपक्यावर एक मुंगी बसली आहे असं धर. बिचारीनं वर पाहिलं तर काय दिसेल? भिंगभर सूर्य. भिंग तिच्या आकाशाचा जेवढा तुकडा अडवतं तेवढा सगळा तुकडा सूर्याच्या पृष्ठभागाइतका झगझगीत. त्याहून झगझगीत मात्र नाही. भिंग सूर्याला मोठा करतं, अधिक तेजस्वी करत नाही. वाचायच्या भिंगाखाली अक्षर मोठं होतं, शाई गडद होत नाही. चाळीस वर्षं गिऱ्हाइकांना मी हेच सांगत आलोय.

आता दुसरं भिंग लाव, तिसरं लाव, आरसे लाव. प्रत्येक वेळी मुंगीच्या आकाशाचा आणखी एक तुकडा सूर्यानं भरतो. होता होता सगळं आकाश भरून जातं आणि पुढचं भिंग लावायला जागाच उरत नाही. हिशेब केला तर ही मर्यादा सुमारे ४६,००० सूर्यांची निघते. त्या क्षणी मुंगी जणू सूर्याच्या पृष्ठभागावरच बसलेली आहे. तिचं तापमान वाढत वाढत साडेपाच हजार अंशांवर, म्हणजे सूर्याच्या पृष्ठभागाएवढं झालं, की ती जेवढी उष्णता घेते तेवढीच बाहेर टाकू लागते. आणखी तापायचं तर उष्णतेला थंडाकडून गरमाकडं स्वतःहून वाहावं लागेल, आणि तसं ती वाहत नाही. फ्रान्समध्ये पिरेनीज डोंगरात ओदेयो इथं बहुमजली इमारतीएवढा आरसा आहे, समोरच्या उतारावरचे ६३ फिरते आरसे त्याच्यावर ऊन टाकतात. एक मेगावॅटची ती भट्टी साडेतीन हजार अंशांपर्यंत जाते. पोलाद त्यात लोण्यासारखं विरघळतं. पण फ्यूजनला दहा-पंधरा कोटी अंश लागतात. साडेपाच हजार आणि पंधरा कोटी यांच्यात सत्तावीस हजार पटींचं अंतर आहे, आणि ते भिंगांची संख्या वाढवून एका अंशानंही कमी होत नाही.

भाचा गप्प झाला, पण पटलं नव्हतं. मग त्याला गंडीपेट सांगितलं. मुसीच्या १९०८च्या पुरानंतर उस्मानसागर बांधला, त्यालाच आम्ही गंडीपेट म्हणतो. ज्यानं गंडीपेटचं पाणी प्यायलं तो हैदराबाद सोडत नाही, अशी इथली म्हण. ते पाणी शहरापर्यंत उतारानं आपसूक यायचं. पण तुझ्या आईच्या तिसऱ्या मजल्यावरच्या टाकीत ते आपसूक चढतं का? एकाच्या जागी दहा गंडीपेट जोड. पाणी दसपट होईल, वीतभरही उंच चढणार नाही. चढवायचं तर मोटर लागते.

"मग लेझर?" तो म्हणाला. "अमेरिकेत लेझरनं झालंच ना फ्यूजन?"

झालं. लेझर ही मोटर आहे. उन्हात सगळे रंग सरमिसळ, सूर्याच्या थाळीच्या प्रत्येक बिंदूतून वेगवेगळ्या दिशांनी निघालेले. लेझरमध्ये एकच रंग, एकच दिशा, लाटा एकमेकींच्या पावलावर पाऊल टाकून चाललेल्या. त्याला उन्हाची मर्यादा लागू नाही, कारण ती शिस्त आणायला आधीच वीज मोजलेली असते. कॅलिफोर्नियातल्या लिव्हरमोर प्रयोगशाळेत ५ डिसेंबर २०२२ रोजी १९२ लेझर झोतांनी एका इवल्या गोळीवर २.०५ मेगाज्यूल ऊर्जा सोडली आणि गोळीतून ३.१५ मेगाज्यूल बाहेर आली. जगभर मथळे झाले, आणि ते व्हायलाच हवे होते. पण घरगुती हिशेबात ३.१५ मेगाज्यूल म्हणजे पाऊण युनिटाच्या थोडी वर, तीही उष्णता, वीज नव्हे. आणि ते लेझर पेटवायला विजेच्या तारांतून सुमारे ३०० मेगाज्यूल, म्हणजे ८० युनिटांहून जास्त वीज खेचली गेली. माझ्या दुकानाला आठ-दहा दिवस पुरते तेवढी.

म्हणजे उन्हानं फ्यूजन अशक्यच असं नाही. गच्चीवर पॅनेल लावा, विजेनं लेझर चालवा, लेझरनं गोळी दाबा. निसर्गाचा एकही नियम आडवा येत नाही. फक्त गंडीपेटचं पाणी पंपानं चारमिनारवर चढवून तिथून ओघळणाऱ्या धारेवर पिठाची गिरणी चालवल्यासारखं होईल. गिरणी थेट मोटरवरच का चालवू नये, असं कोणी विचारलं तर उत्तर नाही.

एक गंमत मात्र भाच्याला माहीत नव्हती आणि ती सांगताना मलाही दर वेळी मजा येते. सूर्याचा गाभा दीड कोटी अंशांचा, पण तिथली भट्टी अगदी मंद. एका घनमीटरमागे तीनशे वॅटही निघत नाहीत. दुपारी जेवून लवंडलेल्या माणसाचं शरीर त्याच मापात त्याहून कितीतरी जास्त उष्णता देतं. सूर्य चालतो तो आकारमानावर आणि अब्जावधी वर्षांच्या सवडीवर. आपल्याकडं ना आकार ना सवड, म्हणून प्रयोगशाळेत सूर्याच्या गाभ्याच्याही दसपट तापमान लागतं. सूर्याची नक्कल करायची म्हणजे प्रत्यक्षात सूर्याला मागं टाकायचं.

ते काम चालू आहे आणि चालू राहावं. गांधीनगरला 'आदित्य' हे यंत्र १९८९पासून प्लाझ्मा धरून ठेवायला शिकतंय. फ्रान्समधल्या ईटर या फ्यूजन प्रकल्पाचं सगळ्यात बाहेरचं अजस्र पोलादी पिंप आपल्या हजिऱ्यात घडलं. आमच्या गोपनपल्लीला टाटा मूलभूत संशोधन संस्थेचं केंद्र आहे, तिथं लेझरच्या क्षणाच्याही क्षुल्लक अंशाच्या झटक्यांनी प्लाझ्मा करून अभ्यासतात. भाच्याला मी म्हटलं, पंधरा कोटी अंशांचा ध्यास असेल तर तिकडं जा, जन्म घालव, मी पेढे वाटीन. पण भिंगाच्या जिवावर ते स्वप्न विकत फिरू नकोस.

आता मला खरं म्हणायचं आहे ते.

१९५५च्या ऑगस्टमध्ये जिनिव्हाला अणुऊर्जेच्या शांततामय वापरावर संयुक्त राष्ट्रांची परिषद भरली होती. होमी भाभा अध्यक्ष होते. नियंत्रित फ्यूजनची युक्ती येत्या दोन दशकांत सापडेल, असं भाकीत त्यांनी तिथं केलं. दोन दशकं १९७५ला संपली. त्याच भाभांच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत तेव्हा दामोदर धर्मानंद कोसंबी गणित करत होते. गोव्यात जन्मलेला, पुण्यात राहणारा, रोज डेक्कन क्वीननं मुंबईला जाणारा हा माणूस. कोसंबींचं म्हणणं उलटं होतं. ऊन या देशात मुबलक आहे, ते गावोगाव पसरलेलं आहे, त्याला मोठी केंद्रं आणि लांबलचक तारा लागत नाहीत. तेव्हा संशोधनाचा पैसा तिथं लावा. १९६० साली पुण्याच्या रोटरी क्लबपुढं त्यांनी हे तपशिलानं मांडलं. १९६२ला संस्थेनं त्यांचं कंत्राट पुढं वाढवलं नाही. भाभा मोठेच होते, कोसंबीही. पण साठ वर्षांनी उन्हाच्या पॅनेलांनी भरलेली गच्ची बघताना मला कोसंबी आठवतात आणि वाटतं, त्यांचं अर्धंच ऐकलं आपण.

अर्धंच, कारण ऊन म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढं फक्त वीज येते. २०२४ साली केंद्रानं एक कोटी घरांसाठी सूर्यघर योजना काढली, तीन किलोवॅटला ७८ हजारांचं अनुदान. चांगली आहे, बहिणीच्या इमारतीत दोघांनी पॅनेल लावली. पण पॅनेल उन्हाचा जेमतेम पाचवा हिस्सा विजेत बदलतं. मग ती वीज आपण पुष्कळदा पाणी तापवायलाच वापरतो! आरसा निम्म्याहून अधिक ऊन सरळ उष्णतेच्या रूपात हाती देतो. आणि उष्णता लागते कुठं? सगळीकडं. सोलापूर-इचलकरंजीच्या कापड रंगवणाऱ्या कारखान्यांत, पाटणचेरू-जीडिमेटलाच्या औषधांच्या कारखान्यांत, प्रत्येक होस्टेलच्या मेसमध्ये. यातल्या बहुतेक कामांचं दोनशे अंशांच्या आतच भागतं. त्यासाठी आपण कोळसा, लाकूड, गॅस जाळतो.

आरशांनी हे होतं हे आपल्याच माणसांनी दाखवून दिलंय. लातूरला २००६ साली महानंद डेअरीत 'अरुण' नावाची तबकडी बसली. आयआयटी मुंबईच्या शिरीष केदारे यांनी घडवलेली, सुमारे १६० चौरस मीटर आरशांची, सूर्यफुलासारखी सूर्यामागं फिरणारी. एका लग्नासाठी लातूरला गेलो होतो तेव्हा मी ती मान वाकडी करून पाहत राहिलो. लांबून ती कुण्या परग्रहावरच्या माणसांशी बोलणारी वाटते, काम मात्र दाबाखालचं पाणी १८० अंशांपर्यंत तापवायचं आणि त्यावर दूध पाश्चराइझ करायचं. दुधाला तर बहात्तर अंश पुरतात, तेही पंधरा सेकंद. शिर्डीला २००९पासून संस्थानाच्या स्वयंपाकघराच्या छतावर ७३ तबकड्या वाफ करतात आणि त्यावर भाविकांचा भातवरण शिजतो. तिरुमलैला तर त्याच्याही आधी, २००२ला.

मग हे गल्लोगल्ली का नाही? कारणं खरी आहेत, लपवत नाही. आरशांना थेट ऊन लागतं. ढग आले की पॅनेल थोडीतरी वीज देतं, आरसा काहीच देत नाही. अनंतपूरला २०१४ साली आरशांवर चालणारं पन्नास मेगावॅटचं वीजकेंद्र उभं राहिलं, पण तोवर पॅनेलं इतकी स्वस्त झाली की आरशांची वीज महाग ठरली. आणि आरसे पुसावे लागतात, सतत. आमच्या गिऱ्हाइकांना डोळ्यांसमोरची काच पुसायचा कंटाळा येतो, छतावरची कोण पुसणार? पण ही सगळी पाच-दहा वर्षं नेटानं काम केलं तर सुटणारी कारणं आहेत. साठवणीची टाकी, धूळ न धरणारा लेप, फिरवायची साधी यंत्रणा. त्यासाठी लागणारा पैसा फ्यूजनच्या मानानं किरकोळ. पण १८० अंशांवर मथळे होत नाहीत. मथळे पंधरा कोटींवर होतात, अनुदानं पॅनेलांवर मिळतात आणि मधल्या उष्णतेला वाली नाही. तेलंगण असो की महाराष्ट्र, सरकारनं छतावरच्या विजेला दिली तशी कारखान्यातल्या आणि मेसमधल्या उन्हाच्या वाफेलाही सवलत द्यावी, एवढं माझं साधं मागणं आहे.

भाच्यानं प्रेझेंटेशन बदललं. आता त्यात ड्युटेरियम नाही, कॉलेजच्या होस्टेलचं स्वयंपाकघर आहे. रोज किती सिलिंडर लागतात, भातासाठी किती वाफ, छतावर किती जागा. हे घेऊन तो मेसच्या म्हाताऱ्या खानसाम्याकडं गेला. त्यानं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "बेटा, बारिश में क्या करिंगे?"

त्या दिवसापासून पोरगा एक वही ठेवतो. दुपारी भिंगाखाली काजळी लावलेला पत्रा धरतो आणि किती वेळ धूर निघाला ते लिहितो. जूनच्या शेवटच्या आठवड्यातलं पान मी पाहिलं : सोमवारी चार तास, मंगळवारी पन्नास मिनिटं, बुधवारी काही नाही. वितळलेलं नाणं माझ्या काउंटरवर काचेखाली आहे. बहिणीनं गच्चीवर दोरीच्या जागी लोखंडी तार बांधून घेतली आहे.